मांजराला केळं चालेल, पण बेदाणा नको! घरातल्या आणि शेडवरच्या मनीला कोणतं फळ द्यावं, कोणतं टाळावं?

बेदाण्याची शेडं सुरू झाली की तासगाव, कवठेमहांकाळ, जत, मिरज पूर्व भागात मांजराचा भाव वाढतो. जाळीवर माल पसरलेला असतो, बाजूला भरलेले बॉक्स असतात आणि उंदराला एवढंच पाहिजे असतं. म्हणून बऱ्याच शेडवर उंदरासाठी एक मांजर आणि राखणीला एक कुत्रं ठरलेलंच. दुपारी माणसं भाकरी सोडून बसली की दोघंही जवळ येऊन बसतात. मग कुणीतरी पोरगं हातातले दोन बेदाणे पुढं टाकतं. खातंय का बघू म्हणून.

घरीही तेच चालतं. आंब्याच्या दिवसांत आमरसाची वाटी चाटायला मनी हजर. एकादशीला केळ्याचा तुकडा. उन्हाळ्यात कलिंगड कापलं की पहिली फोड पोरांना आणि साल मांजराला. आणि मग कुणीतरी विचारतंच, "अहो, मांजराला फळं चालत्यात का?"

उत्तर असं आहे. काही फळं चालतात, काही अजिबात चालत नाहीत, आणि पोट भरायला म्हणून एकही चालत नाही. केळं, पिकलेल्या आंब्याचा गर, पपई, कलिंगड, खरबूज, सोललेलं सफरचंद यांचा नखाएवढा तुकडा दिला तर धडधाकट मांजराला काही होत नाही. द्राक्षं, बेदाणे, मनुका, चिंच, लिंबू-मोसंबी आणि कुठल्याही फळाच्या बिया-कोया लांब ठेवायच्या. घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पण ज्यांचं शेड आहे त्यांनी आणि ज्यांच्या घरी श्रावण कडक पाळला जातो त्यांनी शेवटपर्यंत वाचा. या दोन ठिकाणी जनावर जीवानिशी जाऊ शकतं.

मांजराला गोड कळतच नाही

आधी एक गंमत. आपण मांजराला आंबा देतो ते "गोड आहे, खाईल" म्हणून. पण मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची एक संस्था आहे, तिथं चव आणि वास यांवरच संशोधन चालतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली हे कोडं सोडवलं. गोड चव ओळखायला जिभेवर एक ग्राहक लागतो आणि तो दोन जनुकांच्या जोडीनं तयार होतो. मांजरात त्यातलं एक जनुक मोडकं आहे. त्याचा तुकडाच गळालाय, त्यामुळं तो ग्राहक बनत नाही. त्यांनी वाघ आणि चित्ता यांचंही तपासलं, तिथंही तेच निघालं. म्हणजे साखर, गूळ, हापूस, सगळं मांजराला सारखंच.

मग मनी आमरस का चाटते? आमरसात आपण दूध घालतो, वरून तूप सोडतो. मांजर येतं त्या दुधातुपाच्या वासानं. नुसत्या हापूसची फोड टाकून बघा, बहुतेक मांजरं हुंगून निघून जातात. खरबुजाचं मात्र वेगळं आहे. बरीच मांजरं खरबुजावर तुटून पडतात, कारण त्याच्या वासातले काही घटक मांसाच्या वासाशी जुळणारे असावेत असा अंदाज आहे. काहींना कलिंगडाचा गार ओलावा आवडतो. आणि काही मांजरं आपल्या ताटात आहे म्हणजे चांगलंच असणार असं समजून खातात. तो मांजराचा स्वभाव, त्याला शास्त्र नाही.

कुत्र्याचं पोट वेगळं, मांजराचं वेगळं

गावाकडं कुत्रं आणि मांजर एकाच थाळीत जेवतात, त्यामुळं आपण दोघांना एकाच मापानं मोजतो. ते चुकतं. कुत्रं हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगलंय, भाकरी-चपाती ते बऱ्यापैकी पचवतं. मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस जवळजवळ नसतोच, आणि एकदम आलेली साखर सांभाळायची यकृताची सोयही तोकडी असते.

फळातली जीवनसत्त्वं तरी मिळतील ना, असं कुणी म्हणेल. तर क जीवनसत्त्व मांजर स्वतःच्या यकृतात तयार करतं. त्याला आवळा नको, पेरू नको, संत्रं नको. आणि पपई, गाजर, आंबा खाल्ल्यानं डोळे चांगले राहतात हे माणसाचं झालं. त्या केशरी रंगातल्या द्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराचं शरीर ते बनवू शकत नाही. त्याला ते तयार स्वरूपातच लागतं, म्हणजे कलेजी, अंड्याचा बलक किंवा उंदीर. थोडक्यात, फळ हा मांजरासाठी खुराक होत नाही. हौस म्हणून दिलं तर दिलं.

हौसेचंही माप असावं. तीन-चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात. एका मध्यम केळ्यात 100 च्या आसपास असतात. म्हणजे अख्खं केळं चारलं तर दिवसाचं जवळपास निम्मं पोट केळ्यानं भरलं, आणि त्यातून त्याला पाहिजे ते काहीच मिळालं नाही. जनावरांचे डॉक्टर वरच्या खाऊला दिवसाच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा सांगतात. केळ्याच्या दोन पातळ चकत्या, किंवा चहाच्या चमच्यात मावेल एवढा आंब्याचा गर. बस्स. लठ्ठ झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या मांजराला तेवढंही नको. मांजरांनाही साखरेचा आजार होतो, घरात बसून खाणाऱ्या बोक्यांना जास्त.

द्राक्ष आणि बेदाणा: इथं गंमत नको

आता आपल्या जिल्ह्याचा विषय. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, देशभर माल जातो. माणसासाठी उत्तम खाऊ. पण कुत्र्यासाठी तोच बेदाणा विष ठरू शकतो.

अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतायत. 2001 साली त्यांनी ते छापून सगळ्यांना सावध केलं. कारण मात्र पुढं वीस वर्षं सापडलं नाही. बुरशी म्हणावी तर ती नव्हती, फवारणीचं औषध म्हणावं तर घरच्या, न फवारलेल्या द्राक्षांनीही त्रास झालेला. गोंधळात भर म्हणजे एखादं कुत्रं भरपूर खाऊन ठणठणीत राहायचं आणि दुसरं मूठभर खाऊन मरायचं.

धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. एका कुत्र्यानं मुलांच्या खेळायच्या घरगुती मळलेल्या गोळ्यातला बराच भाग खाल्ला आणि त्याला अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखाच त्रास झाला. त्या गोळ्यात बेकरीत वापरतात ते 'क्रीम ऑफ टार्टर' होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षातही हेच आम्ल मुख्य असतं. 2021 साली तिथल्या डॉक्टरांनी हा संबंध मांडला. द्राक्षाची जात, पिकलेपण, हवामान यांवर आम्लाचं प्रमाण बदलतं, म्हणून एकाला होतं नि एकाला होत नाही, हेही त्यातून उलगडतं. कच्च्या, आंबट मण्यांत ते जास्त असतं. आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे आपल्याला सांगायला नको. पाणी उडून जातं, आम्ल तिथंच राहतं.

किती खाल्लं तर धोका? नोंद झालेल्या प्रकरणांत कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण 3 ग्रॅम बेदाण्यांनीही मूत्रपिंडावर परिणाम झालेला आहे. वीस किलोच्या कुत्र्याला 60 ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक ओंजळसुद्धा नाही. शेडवर खाली सांडलेला माल किती असतो ते तुम्हीच बघा. कुत्र्याला गोड कळतं. ते चवीनं खातं.

मांजराचं काय? मांजरांच्या अशा नोंदी फार थोड्या आहेत. त्याचं एक सरळ कारण म्हणजे गोड न कळणारं जनावर बेदाण्याच्या वाटेला आपणहून जात नाही. पण द्राक्षं खाल्ल्यावर मांजरांना त्रास झाल्याचं डॉक्टरांनी पाहिलेलं आहे, आणि मांजराची मूत्रपिंडं तशीही नाजूक. वयस्कर मांजरं पुष्कळदा त्याच दुखण्यानं जातात. त्यामुळं मांजरासाठी अमुक बेदाण्यांपर्यंत सुरक्षित, असा आकडा कुणी डॉक्टर देत नाही. एकही देऊ नका, एवढंच सांगतात.

मांजराच्या पोटात बेदाणा जातो तो बहुतेक वेळा आपल्या हातानं, आणि दुधातुपाच्या आडून. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, शेवयांची खीर, रव्याचा लाडू. मांजर तूप चाटतं, त्याबरोबर बेदाणाही जातो. शिजवल्यानं किंवा तुपात तळल्यानं त्यातला धोका जात नाही. शिरा द्यायचाच असेल तर बेदाणे वेचून बाजूला काढा. खरं तर देऊच नका.

शेडवाल्यांसाठी आणखी एक. सौद्याला माल नेताना कुत्र्याच्या दाव्याच्या टप्प्यात बॉक्स रचू नका, आणि मळणीनंतर खाली राहिलेला गाळ, काड्या, फुटका माल दिवसाच्या दिवस झाडून घ्या. उंदीरही कमी होतील.

चिंच, लिंबू, सीताफळ आणि कोया

टार्टारिक आम्ल म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला द्राक्षाआधी चिंच आठवायला पाहिजे. चिंचेत ते भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची नोंदही झालेली आहे. चिंच फोडायच्या दिवसांत अंगणात गर पसरलेला असतो, त्यावर कुत्र्याचं लक्ष असतं. मांजर सहसा जात नाही, पण चिंच-गुळाची आमटी भातावर ओतून मांजराला घालणारी घरं आहेत. नका घालू.

लिंबू, मोसंबी, संत्रं यांच्या जवळ मांजर आपणहून येत नाही, सालीच्या वासानंच ते तोंड फिरवतं. म्हणून काही जण कुंडीत संत्र्याच्या साली टाकतात, मांजरानं घाण करू नये म्हणून. सालीचा तेवढा वास ठीक. धोका आहे तो सालीतल्या तेलाचा. पिसवा जाव्यात म्हणून मांजराच्या अंगाला लिंबाची साल चोळणं, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या वासाचं तेल लावणं हे प्रकार बंद करा. मांजर दिवसभर अंग चाटत असतं, अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. मग लाळ गळणं, थरथर, झोकांड्या खाणं सुरू होतं.

सीताफळाचा गर विषारी नाही, पण बिया विषारी आहेत. उवा मारायला बियांची पूड डोक्याला लावायची जुनी पद्धत आपल्याकडं आहेच, आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते हेही जुन्या माणसांना माहीत आहे. अख्खी बी गिळली तर ती बहुतेक तशीच बाहेर पडते, फुटलेली किंवा कुटलेली बी वाईट. सफरचंदाच्या बिया आणि जर्दाळू, पीच यांच्या कोयांतही चावल्यावर सायनाइड सुटेल असं द्रव्य असतं. सफरचंदाच्या एक-दोन बियांनी काही होत नाही, पण काढून टाकायला कष्ट तरी काय पडतात?

आंब्याच्या कोयीशी पिल्लं खेळतात. कोय मोठी, ती गिळायची नाहीत, पण सुकलेल्या कोयीचे तंतू सुटून आतड्यात अडकू शकतात. आंब्याचा चीकही मांजराच्या तोंडाला झोंबतो, तेव्हा देठाकडचा भाग आणि साल नको. बोराच्या, जांभळाच्या बिया घशात अडकतात. आटपाडीकडच्या मंडळींच्या घरात डाळिंबाला तोटा नाही. डाळिंबाचे दाणे विषारी नाहीत, पण मांजराला ते पचायला जड, उलटीच होते. चिकू, पेरू कधीतरी, बी काढून, बोटाच्या पेराएवढा. ॲव्होकॅडो हल्ली मॉलमध्ये मिळतो, तो प्राण्यांना नकोच.

फळापेक्षा फळावरचं वाईट

द्राक्षबागेत छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात ते बागायतदाराला सांगायची गरज नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड तर माणसालाही बाधतं, लावणारे हातमोजे घालतात. मांजराला हातमोजे नाहीत. ते ओल्या काडीखालून फिरतं, पाय चाटतं. पेस्ट लावायच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरचं मांजर कोंडून ठेवणं शक्य असेल तर ठेवा. फवारणीच्या टाकीशेजारचं साठलेलं पाणी हेही तसंच.

शेडवर आणखी एक गोष्ट असते, डिपिंगचं द्रावण. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल मिसळलेलं हे पाणी क्षारीय असतं, तोंडाला नि घशाला भाजू शकतं. उन्हाच्या दिवसांत तहानलेलं जनावर कशातही तोंड घालतं. उरलेलं द्रावण उघड्या टबात ठेवू नका, आणि शेडवर मांजराकुत्र्यासाठी स्वच्छ पाण्याचं एक भांडं सावलीत ठेवा. साधं प्लॅस्टिकचं घमेलं पुरतं.

फळ कुठलंही द्या, साल काढून, धुऊन द्या. बाजारात कार्बाइडनं पिकवलेला आंबा आजही सापडतो, कायद्यानं बंदी असली तरी. त्याची साल तर अजिबात नको.

श्रावणातलं मांजर

आता ते दुसरं, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. फळानं मांजर मरण्यापेक्षा फळ-दूध-चपातीवर ठेवल्यानं मांजर आंधळं होण्याची शक्यता जास्त आहे.

टॉरिन नावाचा एक घटक असतो. तो मांसात, मासळीत असतो, उंदरात भरपूर असतो. धान्यात, फळात, भाजीत जवळजवळ नसतोच आणि दुधात अगदी थोडा. आपलं शरीर तो तयार करतं, कुत्र्याचंही बऱ्यापैकी करतं. मांजराला पुरेसा करता येत नाही, आणि पचनासाठी तो रोज खर्च होतो. टॉरिन मिळालं नाही की मांजराच्या डोळ्याचा मागचा पडदा हळूहळू निकामी होतो, हे 1975 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढं 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी आणखी एक गोष्ट शोधली. मांजरांचं हृदय फुगून ढिलं पडायचा जो आजार होता, तोही टॉरिन कमी पडल्यानं होत होता. वेळेत टॉरिन दिलं तर हृदय पुष्कळदा सुधारतं. गेलेली नजर मात्र परत येत नाही.

हे एका आठवड्यात होत नाही, महिने लागतात. म्हणून श्रावणाचा एक महिना मांजराला मटण-मासळी मिळाली नाही तर लगेच काही बिघडत नाही, त्यातून गावातलं मांजर बाहेर उंदीर-पाली मारून आपली सोय करून घेतं. अडचण होते ती दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात वाढलेल्या मांजराची. तालुक्याच्या गावी फ्लॅट झालेत, तिथं मांजर बाहेर जात नाही. घर शाकाहारी. मग वर्षानुवर्षं दूध-चपाती, दूध-भात, मधूनमधून केळं. मांजर गुटगुटीत दिसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस ते अंधारात भांड्याला धडकतं, उडी चुकते, डोळ्यांची बाहुली उजेडातही मोठीच राहते. गाभण मांजराला टॉरिन कमी पडलं तर पिल्लं दगावतात किंवा कमजोर निपजतात.

यावर उपाय सोपा आहे. घरात सामिष चालत असेल तर बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन, जमलं तर कोंबडीचं हृदय, आणि ज्या पाण्यात उकडलं ते पाणीही, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरतं. कलेजी आठवड्यातून एक-दोनदाच, रोज नको. सुकट, बोंबील द्यायचे तर मीठ जाईपर्यंत भिजवून. रश्शातले तुकडे धुऊनसुद्धा नकोत. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि हा धोका द्राक्षासारखा कधी होतो, कधी नाही असा नाही, पक्का आहे.

घरात सामिष चालत नसेल तर मांजरासाठीचं तयार खाद्य आणा. त्यात टॉरिन घातलेलं असतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य मांजराला पुरत नाही, ते स्वस्त पडतं म्हणून आणू नका. ज्यांना तेही घरात नको, त्यांनी मांजर कोंडून तरी ठेवू नये, त्याचं ते बघून घेईल. अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं चांगलं, पण टॉरिनची गरज एकट्या अंड्यानं भागत नाही. आणि दूध म्हणाल तर मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचतच नाही, जुलाब होतात. मांजराचं जेवण दूध, हे आपणच ठरवलंय.

"खाईल भूक लागल्यावर" म्हणून मांजरापुढं नुसतं फळ किंवा नुसती चपाती ठेवून हट्टानं बसू नका. मांजर दोन-तीन दिवस खरोखर उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. जाड मांजराला हा धोका जास्त. माणसाला उपास मानवतो, मांजराला नाही.

खाल्लंच तर काय करायचं?

कुत्र्यानं बेदाणे किंवा द्राक्षं खाल्ली, मांजराच्या पोटात चार-पाच बेदाणे गेले, तर त्रास व्हायची वाट बघत बसू नका. पहिल्या दिवसात उलट्या, जेवण सोडणं, एका कोपऱ्यात पडून राहणं. मग लघवी कमी होत जाते, पुढं बंद. लघवी बंद झाल्यावर डॉक्टरांच्या हातातही फारसं काही उरत नाही. आधी नेलं तर ते उलटी करवून पोट रिकामं करतात आणि सलाईनवर ठेवून मूत्रपिंड वाचवायचा प्रयत्न करतात.

उलटी घरी करवू नका. मिठाचं पाणी पाजायचा उपाय आपल्याकडं फार आहे, पण एवढ्याशा जीवाला तेवढं मीठच मारू शकतं. घशात बोटं घालणं, तेल पाजणं, ताक पाजणं यांनीही काही साधत नाही, उलट ते श्वासनळीत जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मांजर मलूल दिसलं, अंग गरम लागलं म्हणून घरातली तापाची गोळी अर्धी करून देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. आपलं यकृत ज्या मार्गानं हे औषध निकामी करतं तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ बंद आहे, त्यामुळं एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चुकून दिलीच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर उतारा आहे पण तो लवकर द्यावा लागतो. लिंबाच्या तेलाचा त्रासही मांजराला जास्त होतो तो यकृताच्या याच उणिवेमुळं. गोठ्यातल्या गोचिडांवर मारायची औषधं मांजराच्या अंगावर मारली तरी अशीच गत होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजर-कुत्रंही तपासतात, ते फक्त गाई-म्हशींसाठी आहेत असं समजून घरी बसू नका. 1962 हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर जवळच्या डॉक्टरांची चौकशी करता येते. फिरत्या पथकाची गाडी मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी असते, तेव्हा तिची वाट न बघता मांजर आपणच घेऊन निघालेलं बरं. पोत्यात कोंबून नेऊ नका, ते गुदमरतं आणि चवताळतं. कोंबड्यांचं डालगं किंवा भोकं पाडलेला बेदाण्याचा रिकामा बॉक्स घ्या, आत जुनं फडकं टाका. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, शेवटची लघवी कधी केली, हे आठवून ठेवा. उलटी झाली असेल तर मोबाईलवर फोटो काढून न्या. त्यात अख्खा बेदाणा दिसला तर डॉक्टरांचं निम्मं काम तिथंच होतं.